मार्गशीर्ष : एका मासनामाचा प्रवास

(मार्गशीर्ष मासानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवान श्रीकृष्ण अर्जुनाला आपल्या विभूती सांगतात. प्रत्येक वर्गात जे श्रेष्ठ ते माझे रूप, असा त्या निवेदनाचा ओघ आहे. स्थावरांत हिमालय, वृक्षांत अश्वत्थ, जलाशयांत सागर. यांपैकी एकाही निवडीचे कारण कोणाला विचारावे लागत नाही. मात्र याच ओघात महिन्यांचा विषय येतो तेव्हा भगवंत मार्गशीर्षाचे नाव घेतात आणि लगेच पुढे ऋतूंमध्ये वसंताची निवड करतात. येथे चिकित्सक वाचक थबकतो. ऋतूंत वसंत श्रेष्ठ असेल तर महिन्यांत चैत्र श्रेष्ठ असायला हवा. हेमंतातला, थंडीचा, वर्षाच्या नवव्या क्रमांकावर बसलेला मार्गशीर्ष अग्रस्थानी कसा आला?

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील एका पत्रकाराला, गणितज्ञाला आणि राजकीय पुढाऱ्याला पडला. तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीच्या होत्या, हे वेगळे सांगायला नको. लोकमान्य टिळकांचा 'ओरायन' हा ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत लोकमान्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे की, सुमारे चार वर्षांपूर्वी गीता वाचत असताना मार्गशीर्षाच्या या उल्लेखापाशी त्यांचे मन अडले आणि तेथून या संशोधनाला आरंभ झाला. गीतेतील एका शब्दावर अडणे आणि त्या अडण्यातून वेदकाळाच्या निर्णयापर्यंत जाणे, ही त्या पिढीच्या अध्ययनाची रीत होती. तो शब्द सोडवताना भारताच्या जवळजवळ सर्व भाषांतून आणि भारताबाहेरही फिरावे लागते. तो प्रवास करताना अभिमान वाटण्याजोगे पुष्कळ सापडते. त्याच वेळी, आपला अभिमान कोणत्या पायावर उभा असावा, याचाही धडा मिळतो.

नाव आकाशातून आले

आपल्या महिन्यांची नावे कोणा राजाने किंवा धर्मगुरूने ठरवलेली नाहीत. त्यांच्यामागे एक नियम आहे. ज्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र ज्या नक्षत्रापाशी असतो, त्या नक्षत्राचे नाव त्या महिन्याला मिळते. चित्रेपाशी पूर्णचंद्र तो चैत्र, विशाखेपाशी तो वैशाख, कृत्तिकेपाशी तो कार्तिक आणि मृगशीर्षापाशी तो मार्गशीर्ष. पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात या नामकरणाला व्याकरणाचे सूत्रच दिले आहे. खगोलातील निरीक्षण व्याकरणाच्या सूत्रात बसवलेले असणे, ही गोष्ट त्या काळच्या समाजाविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

त्याच्याही आधी वैदिक वाङ्मयात महिन्यांची दुसरी नावे होती. मधु आणि माधव ही वसंताची जोडी, शुक्र आणि शुचि ही ग्रीष्माची, नभस् आणि नभस्य ही वर्षेची. हेमंताची जोडी सहस् आणि सहस्य अशी होती. ही नावे ऋतूंच्या स्वभावावरून पडलेली आहेत. पुढे चांद्रमासांना नक्षत्रांची नावे मिळाली आणि जुनी नावे धर्मकृत्यांत व काव्यात उरली. अमरकोशात मार्गशीर्षाचे पर्याय म्हणून सहस्, मार्ग आणि आग्रहायणिक हे शब्द शेजारी शेजारी बसलेले दिसतात. एकाच महिन्याच्या नावात ऋतू, नक्षत्र आणि वर्षारंभ अशा तीन निरनिराळ्या गणनांच्या खुणा त्यात एकत्र आल्या आहेत.

'मार्गशीर्ष' म्हणजे मार्गांमध्ये श्रेष्ठ, असा अर्थ कीर्तनांतून कधीकधी सांगितला जातो. भाविक मनाला तो गोड वाटतो. पण व्याकरण तसे सांगत नाही. या शब्दातील 'मार्ग' म्हणजे वाट नव्हे. 'मृग' म्हणजे हरिण. 'मृगशीर्ष' म्हणजे हरिणाचे मस्तक. त्या नक्षत्राशी संबंधित तो मार्गशीर्ष. एवढे मात्र खरे की, 'मृग' आणि 'मार्ग' हे दोन्ही शब्द शोध घेणे या अर्थाच्या एकाच धातुकुळातले आहेत. मृगाचा माग काढता काढता जी पडते तीच वाट.

हे हरिण आकाशात ओळखायला फार सोपे आहे. चार ठळक तारे म्हणजे त्याचे चार पाय, मधोमध एका रेषेत रुतलेले तीन तारे म्हणजे बाण आणि वरच्या बाजूला तीन बारीक ताऱ्यांचा पुंजका म्हणजे मस्तक. बाणाच्या रेषेत खाली गेले की आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा दिसतो, तो व्याध. ऐतरेय ब्राह्मणात याची कथा आली आहे. मर्यादा ओलांडून रोहिणीच्या मागे लागलेल्या मृगरूपी प्रजापतीला देवांनी निर्माण केलेल्या रुद्राने बाण मारला. मृग, मृगव्याध, रोहिणी आणि तीन कांडांचा तो बाण, सगळे आकाशात स्थिर झाले. सृष्टीचा निर्माता असला तरी मर्यादेचे उल्लंघन केल्यास त्यालाही दंड, हा या कथेचा आशय आपल्या परंपरेच्या निर्भयतेची साक्ष देतो.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला 'मृग' म्हटले की मार्गशीर्ष आठवत नाही. त्याला जून महिना आठवतो. सात-आठ जूनच्या सुमारास 'मिरग' निघतो, शेतकरी पेरणीच्या तयारीला लागतो, तांबडा मखमली मृगाचा किडा दिसला की पाऊस आला असे घरातली म्हातारी माणसे सांगतात. मग एकाच नक्षत्राचे नाव पावसाळ्याच्या आरंभालाही आणि ऐन थंडीतल्या महिन्यालाही कसे? उत्तर सरळ आहे. जूनमध्ये त्या नक्षत्रात सूर्य असतो. त्यामुळे ते दिवसा डोक्यावर असते आणि डोळ्यांना दिसत नाही. पौर्णिमेचा चंद्र नेहमी सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. सहा महिन्यांनी सूर्य आकाशाच्या दुसऱ्या टोकाला जातो तेव्हा पूर्णचंद्र मृगापाशी येतो आणि ते नक्षत्र रात्रभर दिसते. शेतकऱ्याचा मिरग आणि पंचांगातला मार्गशीर्ष ही एकाच नक्षत्राची दोन दर्शने आहेत, एक सूर्याकडून आणि दुसरे चंद्राकडून.

वर्षाच्या अग्रभागी

आता दुसरे नाव, आग्रहायण. 'हायन' म्हणजे वर्ष आणि 'अग्र' म्हणजे पुढचा भाग, आरंभ. अर्थ उघड आहे : वर्षाच्या आरंभीचा. आज आपले वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होते. गुजरातेत ते कार्तिकात सुरू होते. तरीही नवव्या महिन्याच्या नावातच 'मी पहिला' असे लिहिलेले आहे.

हा केवळ शब्दाचा खेळ नाही, याला प्रमाणे आहेत. अमरकोशात महिन्यांची नावे देताना अमरसिंहाने चैत्रापासून आरंभ केलेला नाही. त्याची यादी मार्गशीर्षापासून सुरू होते आणि ऋतूही त्याच क्रमाने मोजले आहेत. अकराव्या शतकात गझनीच्या महमूदाच्या काळात भारताचा अभ्यास करणारा अल-बिरुनी लिहितो की, सिंध आणि कनौजकडील लोक वर्षाचा आरंभ मार्गशीर्षातील अमावास्येपासून करीत असत आणि मुलतानच्या लोकांनी ती रीत सोडून चैत्रारंभाची रीत थोड्याच वर्षांपूर्वी स्वीकारली होती. परक्या माणसाने सहज नोंदवून ठेवलेली ही साक्ष म्हणून फार मोलाची आहे. 'आग्रहायण' या शब्दाचा अर्थ तोवर केवळ कोशात राहिलेला नव्हता. तो लोकांच्या व्यवहारात होता.

लोकमान्यांनी याच्याही मागे जाण्याचा प्रयत्न केला. अमरकोशात 'आग्रहायणी' हे मृगशीर्ष नक्षत्राचेही नाव आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्यांचे म्हणणे असे की, मूळ मान महिन्याचा नसून नक्षत्राचा होता. एके काळी वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान होतात त्या वेळचे सूर्याचे स्थान, मृगशीर्षात होते आणि वर्ष तेथून मोजले जात असे. संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश या गतीने मागे सरकतो. आज तो उत्तराभाद्रपदा नक्षत्रात आहे. या हिशेबाने मागे जाऊन लोकमान्यांनी इ. स. पूर्व ४००० ते २५०० हा 'मृगशीर्ष-काळ' ठरवला. त्याच सुमारास जर्मनीत हेर्मान याकोबी हे पंडित स्वतंत्रपणे जवळपास त्याच निष्कर्षाला आले. व्हिटनी आणि थिबो यांच्यासारख्या विद्वानांनी या मताला विरोध केला आणि तो वाद पुढे चालत राहिला. त्याच दशकात, १८९६ साली, शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मराठी ग्रंथ आला. कोकणातल्या मुरुडला जन्मलेल्या या शिक्षकाने मराठीत लिहिलेला तो ग्रंथ आजही भारतीय ज्योतिषाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही.

लोकमान्यांचा प्रत्येक निष्कर्ष जगाने स्वीकारला असे नाही. ग्रीकांचा 'ओरायन' हा शब्द आपल्या 'आग्रयण'शी जोडण्याचा त्यांचा प्रयत्न पुढच्या भाषाशास्त्रज्ञांनी उचलून धरला नाही. त्याने लोकमान्यांचे मोठेपण उणावत नाही. त्यांनी संहिता, ब्राह्मणे आणि पाणिनी यांतील आधार एकत्र मांडले, गणित उघड केले आणि विरोधकाला उत्तर देता येईल अशा रीतीने युक्तिवाद केला. स्वाभिमान आणि शास्त्र यांची सांगड कशी घालावी, याचा हा वस्तुपाठ आहे.

एक नाव, अनेक रूपे

या महिन्याच्या नावाला भारतभर दोन प्रवाह फुटले. एक मृगशीर्षाचा आणि दुसरा आग्रहायणाचा. पहिला प्रवाह पश्चिमेकडे, उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे वाहिला. दुसरा गंगेच्या पात्राबरोबर पूर्वेकडे गेला.

पहिल्या प्रवाहात प्राकृतातील 'मग्गसिर' हा मधला टप्पा आहे. तेथून राजस्थानात 'मिगसर', गुजरातेत 'मागशर', सिंधीत 'मंघिर', पंजाबीत 'मघ्घर' आणि नेपाळीत 'मंसिर' झाला. गुरू ग्रंथसाहिबात गुरू नानकदेवांच्या आणि गुरू अर्जुनदेवांच्या अशा दोन 'बारह माहा' रचना आहेत. वर्षाच्या बारा महिन्यांच्या आधाराने जीवाची परमात्म्याविषयीची ओढ त्यांत गायली आहे आणि त्या मालिकेत हा 'मंघर' येतो. मराठीने पोथीत 'मार्गशीर्ष' हे शुद्ध रूप जपले. खेड्यापाड्यांत मात्र आषाढाचा 'आखाड' झाला, भाद्रपदाचा 'भादवा' झाला, तसा मार्गशीर्षाचा 'मार्गेसर'ही झाला. कन्नडमध्ये 'मार्गशिर', तेलुगूत 'मार्गशिरमु' आणि ओडियात 'मार्गशिर' आहे.

तमिळनाडूत 'मार्गळि' झाला. तेथील गणना सौर असल्यामुळे हा महिना डिसेंबरच्या मध्यावर सुरू होऊन पोंगलच्या आदल्या दिवसापर्यंत चालतो. आंडाळची 'तिरुप्पावै' ही तीस पदांची रचना याच महिन्याची. रोज एक याप्रमाणे तीस पहाटे ती वैष्णव मंदिरांतून गायली जाते. शिवमंदिरांतून माणिक्कवाचकरांची 'तिरुवेम्पावै' गायली जाते. चेन्नईचा प्रसिद्ध संगीत-महोत्सवही याच महिन्याचा. केरळात महिन्यांना राशींची नावे असल्यामुळे तेथे हा शब्द नाही, 'धनु' आहे. पण धनु म्हणजे तोच काळ, जेव्हा सूर्य धनु राशीत असतो.

दुसरा प्रवाह 'आग्रहायणा'चा. हिंदी पट्ट्यात, अवधी, भोजपुरी आणि मैथिलीत 'अगहन', असमियात 'आघोण', बंगालीत लिहिताना 'अग्रहायण' आणि बोलताना 'अघ्रान'. या सर्व प्रदेशांत हा महिना भाताच्या कापणीचा आहे. बिहारमध्ये या हंगामातल्या भाताला 'अगहनी' असेच म्हणतात. बंगालमध्ये नव्या तांदळाचा 'नबान्न' हा सण अघ्रानात येतो. कोकणात भात आधी तयार होतो म्हणून आपली नवान्न पौर्णिमा आश्विनात येते, एवढाच फरक. येथे पाणिनीची आणखी एक नोंद लक्षात घेण्याजोगी आहे. 'हायन' हा शब्द त्याने दोन अर्थांनी साधला आहे, एक काळ आणि दुसरा व्रीही म्हणजे भात. वर्ष आणि भात यांना एकच शब्द देणारा समाज वर्ष कशावरून मोजत असेल, हे सांगायला भाष्यकाराची गरज नाही.

१९४७ मध्ये बंगाल दुभंगला. आज ज्या देशाचे राष्ट्रगीत रवींद्रनाथांच्या रचनेतून घेतलेले आहे, त्या बांगलादेशाच्या राष्ट्रगीतात या अघ्रान महिन्याचे नाव आहे. सिंध पाकिस्तानात गेला. सिंधी भाषेतला 'मंघिर' मात्र त्याच नक्षत्राचे नाव सांगत राहिला. नकाशावरच्या रेषा माणसांनी आखल्या. महिन्यांच्या नावांवर त्या आखता आल्या नाहीत. भारताच्या एकात्मतेविषयी बोलताना आपण तीर्थक्षेत्रांचा आणि नद्यांचा दाखला देतो. तितकाच बळकट दाखला महिन्यांच्या नावांचा आहे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. म्हणून उत्तरेचा अगहन आपल्या मार्गशीर्षाआधी पंधरा दिवस सुरू होतो. तरीही शुक्ल पक्ष दोघांचा एकच आणि ज्या पौर्णिमेने महिन्याला नाव दिले ती पौर्णिमाही एकच.

दोन गुरुवार

मार्गशीर्ष म्हटला की महाराष्ट्रातील घराघरांत गुरुवारचे महालक्ष्मीव्रत आठवते. घट मांडला जातो, शेजारणी हळदीकुंकवाला येतात, राजा भद्रश्रवा आणि राणी सुरतचंद्रिका यांची कथा वाचली जाते. म्हातारीच्या वेषात दाराशी आलेल्या लक्ष्मीचा राणीने ऐश्वर्याच्या धुंदीत अपमान केला आणि ते ऐश्वर्य गेले, हा त्या कथेचा गाभा.

हेच व्रत याच महिन्यात, याच वारी ओडिशात होते, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असते. तेथे त्याला 'माणबसा गुरुबार' म्हणतात. 'माण' म्हणजे धान्य मोजण्याचे माप. त्या मापात नवे भात भरून लक्ष्मीची स्थापना करतात, अंगणात तांदळाच्या पिठाने लक्ष्मीची पावले काढतात आणि संतकवी बलराम दास यांचे 'लक्ष्मीपुराण' वाचतात. त्या पुराणाची कथा अशी. मार्गशीर्षातील गुरुवारी लक्ष्मी नगरात फिरायला निघते आणि तिला श्रिया नावाच्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या स्त्रीचे अंगण सर्वांत स्वच्छ दिसते. लक्ष्मी तिच्या घरी जाते, तिची पूजा स्वीकारते. हे कळताच बलभद्राच्या सांगण्यावरून जगन्नाथ लक्ष्मीला मंदिरात येण्यास मनाई करतो. लक्ष्मी निघून जाते. मग त्या दोन्ही देवांना बारा वर्षे घासभर अन्न मिळत नाही. अखेर ते लक्ष्मीच्याच दाराशी येतात आणि यापुढे भोजनात उच्चनीच भेद राहणार नाही, हे मान्य झाल्यावरच ती परतते.

दोन्ही प्रांतांच्या कथांत अहंकाराने लक्ष्मी जाते, हे समान आहे. ओडिशातली कथा पुढे जाऊन तो अहंकार कोणता, हेही स्पष्ट सांगते. शतकांपूर्वीच्या एका संताने देवालाही उपाशी ठेवून समाजाला समरसतेचा धडा दिला आणि ओडिशातल्या स्त्रिया तो दर मार्गशीर्षात वाचतात. आपल्या घरी घट मांडताना त्या श्रियेच्या अंगणाचीही आठवण झाली, तर व्रताचे पुण्य वाढेल.

सागरापार आणि डिसेंबर

या नावाने समुद्रही ओलांडला. कंबोडियाच्या ख्मेर भाषेत या चांद्रमासाचे नाव 'मिगसिर' आहे आणि तेथील चांद्रमासांच्या यादीत तो पहिला धरला जातो. थायलंडमध्ये महिन्यांना क्रमांक आहेत. तेथील दिव्यांचा लॉय क्रथाँग हा सण बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कार्तिक पौर्णिमेच्या वेळी येतो. त्यापुढचा महिना तेथे पहिला. त्यांचे नववर्ष एप्रिलमध्ये साजरे होते. महिन्यांची मोजणी मात्र मार्गशीर्षाच्या जागेवरूनच सुरू होते.

आता थोडे वेगळ्या विषयाकडे वळू. मार्गशीर्षाचे बरेचसे दिवस ज्या इंग्रजी महिन्यात येतात, त्या 'डिसेंबर'चे नाव पाहू. आपल्या मंडळींत एक समजूत आवडीने सांगितली जाते की, डिसेंबर म्हणजे 'दशांबर', दहावे आकाश. सप्टेंबर म्हणजे 'सप्तांबर'. म्हणजे इंग्रजी महिनेही संस्कृतातूनच आले. बौद्धिक वर्गातही हे विधान कधीकधी टाळ्या घेऊन जाते. ते खरे नाही आणि खरे नसलेले विधान आपल्या बाजूचे असले तरी सोडून दिले पाहिजे.

'डिसेंबर' लॅटिन 'डेसेम' म्हणजे दहा या शब्दावरून आला. रोमनांचे जुने वर्ष मार्चमध्ये सुरू होत असे, त्यात हा दहावा. पुढे वर्षारंभ जानेवारीत गेला, महिने सरकले, तरी नाव तेच राहिले. म्हणून बाराव्या स्थानी बसलेला डिसेंबर आजही स्वतःला दहावा म्हणवतो. त्या नावातील शेवटची अक्षरे 'अंबर' नव्हेत. तो लॅटिन प्रत्यय आहे आणि अनेक भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध महिना या अर्थाच्या 'मेन्सिस' या लॅटिन शब्दाशी लावतात. 'डेसेम' आणि 'दशन्', 'सेप्टेम' आणि 'सप्तन्' यांच्यातले साम्य मात्र आभास नाही. त्या सख्ख्या-चुलत बहिणी आहेत. एक दुसरीची कन्या नव्हे. तसाच हा 'मेन्सिस'. संस्कृत 'मास', फारसी 'माह', लॅटिन 'मेन्सिस', इंग्रजी 'मंथ' आणि 'मून' हे सर्व एकाच कुळातले शब्द. चंद्रावरून काळ मोजणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या भाषेचे नाते युरोपपर्यंत पोचते, हे सत्य 'दशांबरा'च्या कल्पनेपेक्षा कितीतरी मोठे आहे. ज्याच्या घरात अस्सल सोने आहे, त्याने मुलामा दिलेले दागिने मिरवू नयेत. एक खोटे विधान उघडे पडले की, त्याच्याबरोबर सांगितलेल्या दहा खऱ्या गोष्टींवरचाही लोकांचा विश्वास उडतो.

डिसेंबर आणि आग्रहायण यांची एका बाबतीत गंमतशीर जोडी आहे. दोघांच्याही नावात एका हरवलेल्या वर्षारंभाची आठवण आहे. फरक इतकाच की, डिसेंबर केवळ क्रमांक सांगतो. मार्गशीर्ष क्रमांकाबरोबर आकाशात कोठे पाहायचे, तेही सांगतो. पोलंडच्या भाषेत डिसेंबरला 'ग्रुज्येन' म्हणतात, कारण 'ग्रुदा' म्हणजे गोठलेले ढेकूळ. तेही नाव निसर्गाकडे पाहून ठेवलेले आहे. जे समाज आपली जुनी नावे टिकवतात, त्यांच्या भाषेत त्यांची भूमी शिल्लक राहते.

राष्ट्राच्या दप्तरात

स्वातंत्र्यानंतर देशात तीसच्या आसपास पंचांगे प्रचारात होती. १९५२ मध्ये शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ या दिवशी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ रोजी, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. त्या दिनदर्शिकेत नववा महिना 'अग्रहायण' या नावाने आहे; तो २२ नोव्हेंबरला सुरू होतो. भारताच्या राजपत्रावर ही तिथी छापली जाते. याहून अधिक महत्त्वाचा दाखला राज्यघटनेचा. घटनेच्या हिंदी उद्देशिकेत २६ नोव्हेंबर १९४९ या तारखेबरोबर मार्गशीर्ष शुक्ल सप्तमी, विक्रम संवत २००६ अशी तिथी नोंदलेली आहे. दरवर्षी संविधानदिन साजरा करताना ही तिथी किती जणांच्या लक्षात असते?

आपले हरवत चालले आहे ते नाव नव्हे. मार्गशीर्ष हा शब्द भिंतीवरच्या प्रत्येक दिनदर्शिकेत आहे. चंपाषष्ठीला जेजुरीच्या गडावर भंडारा उधळला जातो, शुद्ध एकादशीला गीताजयंती होते, पौर्णिमेला दत्तजयंती होते. हरवते आहे ते नाव आणि आकाश यांच्यातले नाते. ज्या समाजाने डोळ्यांनी पाहून महिन्याला नाव दिले, त्याच समाजातल्या मुलांना आज 'मार्गशीर्ष' या शब्दात हरिण आहे हे माहीत नसते आणि ते हरिण गच्चीवरून दिसते, हे त्यांच्या पालकांनाही ठाऊक नसते. संस्कृतीचा अभिमान केवळ पाठांतरावर फार काळ टिकत नाही. त्याला अनुभवाची जोड लागते.

ही जोड देणे अवघड नाही, त्याला खर्चही नाही. दत्तजयंतीच्या संध्याकाळी आरती झाली की घरातल्या आणि शेजारच्या मुलांना गच्चीवर न्यावे. संस्कारवर्ग किंवा शाखा मैदानावर भरत असेल तर तेथेच पूर्वेकडे तोंड करून उभे करावे. सूर्य मावळताना चंद्र उगवेल. थोड्या वेळाने अंधार दाटला की चंद्राच्या आसपास तीन ताऱ्यांचा बाण शोधावा. त्या दिवशी चंद्र मृगात असेल. एखाद्या वर्षी अलीकडे रोहिणीत किंवा पलीकडे आर्द्रेत असेल, ते पंचांगात पाहून ठेवावे. चांदण्याच्या उजेडात हरिणाच्या मस्तकावरचे बारीक तारे दिसणार नाहीत. त्यासाठी आठ-दहा दिवसांनी, चंद्र उशिरा उगवू लागला की, पुन्हा एकदा मुलांना न्यावे. बाण मात्र पहिल्याच दिवशी दिसेल आणि आणखी थोडा वेळ थांबले तर व्याधही वर येईल.

मग मुलांना विचारावे की, या महिन्याचे नाव मार्गशीर्ष का? उत्तर त्यांचे त्यांनाच सापडेल.